पंखा फिरेना, म्हणून पंखाच वाईट?

आम्ही जुन्नर तालुक्यातल्या पाच जणी. पाचही जणींच्या घरी थोडी थोडी टोमॅटोची शेती. दोन वर्षांपूर्वी बचत गटातून कर्ज काढून आम्ही एक जुनी पिकअप घेतली. सकाळी तोडणी करायची, क्रेट भरायचे आणि नारायणगावच्या बाजारात न्यायचे. परतीला खताच्या गोणी, नाहीतर पेंड. पाच जणींत गाडीचं लायसन्स एकीकडेच. ती वयानं सगळ्यांत लहान, म्हणून आम्ही तिला धाकटी म्हणतो. आजची गोष्ट गाडी तापण्याची आहे. आणि आम्ही चौघींनी धाकटीला बोल लावला, त्याचीही आहे.

मे महिना होता. बाजाराच्या फाटकाशी गाड्यांची लांब रांग. गाडी दोन हात पुढे सरकायची, पुन्हा थांबायची. तेवढ्यात टेंपरेचरचा काटा लाल रेघेला टेकला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. धाकटीनं गाडी कडेला घेऊन लगेच बंद केली. आमच्यातली एक पदर हाताला गुंडाळून रेडिएटरचं झाकण फिरवायला निघाली. थोरल्या जाऊबाई ओरडल्या, "अगं, शिट्टी होत असताना कुकरचं झाकण उघडतेस का?"

मैत्रिणींनो, हे अगदी कुकरसारखंच आहे. रेडिएटरचं पाणी दाबाखाली असतं, म्हणून ते 100 अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकण उघडलं की दाब सुटतो, पाणी एकदम उकळतं आणि तोंडावर उडतं. निदान अर्धा तास थांबायचं. रेडिएटरला वरून येणारा जाड पाइप हाताला गार लागला, की मगच जाड फडकं धरून झाकण हळूहळू सैल करायचं. तापलेल्या इंजिनावर गार पाणीही ओतायचं नाही. लोखंडाला तडा जाऊ शकतो.

आम्ही थांबलो, पण तोवर लिलाव निम्मा उरकला होता. माल पडत्या भावानं गेला.

दुसऱ्या दिवशी जवळच्या गॅरेजात गाडी नेली. मिस्त्रींनी पाहिलं, पंखा फिरत नाही. "मोटार गेली," म्हणाले. साडेतीन हजार देऊन नवी बसवली. पंखा फिरायला लागला. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. चौथ्या दिवशी रांगेत पुन्हा वाफ!

आता राग कुणावर काढायचा? आम्ही चौघींनी धाकटीवर काढला. "तू पहिल्या गिअरवर गाडी ओढतेस, काट्याकडे बघतच नाहीस." ती एकच सांगत होती, "रस्त्यानं येताना काटा खालीच असतो, रांगेत उभं राहिलं की वर जातो." आम्ही ऐकलं नाही. तिनं चावी जाऊबाईंच्या हातात दिली आणि म्हणाली, "दुसरा ड्रायव्हर बघा." भाड्याचा ड्रायव्हर ठेवला तर हप्ता कुठून भरायचा? दोन रात्री आम्हाला झोप नव्हती.

मग एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. धाकटीलाही हाता-पाया पडून बरोबर नेलं. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, "गाडी कधी तापते?" धाकटीनं तेच उत्तर दिलं. ते म्हणाले, "ताई, निम्मं काम तुम्हीच केलंत. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा रेडिएटर गार करतो. उभी राहिली की वारा थांबतो, तेव्हा पंख्यानं तो द्यायचा. म्हणजे पाणी फिरतंय, पंखा चुकतोय. भरधाव रस्त्यावरही तापली असती, तर पाणी, पंप, थर्मोस्टॅट बघितलं असतं."

आम्ही चौघी खाली मान घालून उभ्या.

पुढे त्यांनी एकेक पायरी दाखवली. ती नीट ऐका.

आधी गार गाडीत पाण्याची पातळी आणि रेडिएटरच्या जाळीत अडकलेला भुसा, माती बघितली. हे फुकटचं काम आधी.

मग फ्यूज. शाबूत होता. जळला असता तर तेवढ्याच अँपिअरचा घालायचा. तांब्याची तार कधीही गुंडाळायची नाही, आग लागते.

मग रिले. ही छोटी चौकोनी डबी, पंख्याचा मोठा करंट चालू-बंद करणारी. आमच्या गाडीत हॉर्नचा रिले त्याच नंबरचा होता. दोन्ही अदलाबदल करून पाहिले. हॉर्न वाजला, म्हणजे रिले चांगला.

मग पंख्याचा प्लग काढून, फ्यूज लावलेल्या दोन वायरी बॅटरीवरून थेट मोटारीला दिल्या. पंखा गरागरा फिरला! त्यांनी विचारलं, "जुनी मोटार आहे का?" आम्ही ती गोणीत बांधून गाडीतच ठेवली होती. तिलाही त्याच वायरी लावल्या. तीही फिरली. साडेतीन हजार पाण्यात गेले होते.

शेवटी त्यांनी दोन वायरींचा एक बल्ब काढला. गाडी चालू ठेवून काटा वर येऊ दिला, मग इंजिन बंद करून चावी चालूच ठेवली. पंखा साधारण 90 ते 100 अंशांच्या दरम्यान लागायला हवा, गाडीगणिक थोडं कमी-जास्त. सुटलेल्या प्लगच्या दोन्ही टोकांना बल्ब लावला, तर लागला नाही. मग बल्बची एक वायर प्लगच्या करंटच्या टोकाला आणि दुसरी बॅटरीच्या मायनसला लावली. बल्ब लख्ख पेटला. "बघा, वीज येते आहे. पण तिला बॅटरीकडे परत जायला वाट नाही," ते म्हणाले.

परतीची वाट म्हणजे अर्थची काळी वायर. ती हेडलाइटमागे एका बोल्टनं पत्र्याला कसलेली होती. बोल्ट काढला तर खाली नुसता गंज. सँडपेपरनं घासून पत्रा चकचकीत केला, बोल्ट कसून वरून ग्रीस लावलं. पंखा सुरू. काम अर्ध्या तासाचं, पैसे चहापाण्याएवढे.

मग नवी मोटार बसवल्यावर तीन दिवस पंखा कसा चालला? मोटार बदलताना वायर हलली आणि गंजातून तात्पुरता जोड लागला. खड्ड्यांनी तो पुन्हा सुटला. मिस्त्रींची नियत वाईट नव्हती, त्यांनी तपासणीआधी भाग बदलला एवढंच. आणि गंज आला कुठून? आम्हीच खताच्या गोणी वाहिल्यावर जोराच्या पाइपानं गाडीच्या तोंडावर पाणी मारत होतो. खताचं पाणी लोखंड खातं, आणि जोराच्या धारेनं रेडिएटरची नाजूक जाळीही वाकते. आता आम्ही आतून बाहेरच्या बाजूला हलक्या धारेनं धुतो. बोअरचं जड पाणीही भरत नाही, त्याचा पातेल्यात बसतो तसा पांढरा थर आत बसतो. कूलंट आणि बॅटरीचं शुद्ध पाणी निम्मं-निम्मं मिसळून भरतो.

एक गोष्ट जिवाची. विजेचा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही अचानक फिरतो. बॉनेटखाली वाकताना पदर खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणी वर बांधा, बांगड्या उतरवा. प्लगला हात लावण्याआधी चावी काढून खिशात ठेवा. तपासणीपुरती चावी चालू ठेवावी लागली, तर हात पात्यांपासून लांब. ज्यांच्या ट्रॅक्टरला पंखा पट्ट्यावर आहे, त्यांनी इंजिन बंद करून पट्टा अंगठ्यानं दाबून पाहावा. ढिला किंवा चिरलेला असेल, तर पंखा पुरेसा फिरत नाही.

गॅरेजात गेलात तर एवढंच म्हणा, "भाऊ, भाग बदला, पण आधी तो खराब आहे हे तपासून दाखवा. आणि काढलेला भाग आम्हाला परत द्या." आमची जुनी मोटार आज स्पेअर म्हणून गाडीत आहे.

आणि गाडी चालवणारीला आधी विचारा. काटा तिच्या डोळ्यांसमोर असतो. आमच्या धाकटीनं पहिल्या दिवशी खरं कारण सांगितलं होतं. आम्ही ऐकलं असतं तर मोटारीचे पैसे वाचले असते, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं नसतं. आज ती आमच्या शेजारीच बसली आहे. धाकटे, आमचं चुकलं गं. तुझ्यादेखत, सगळ्या मैत्रिणींना ऐकू जाईल असं सांगतो.

ती हसते आहे. म्हणते, "बोलणं आवरा, क्रेट भरायचे आहेत." तर येतो आम्ही. नमस्कार.