अपघातापूर्वीची नोंद



नागपूरहून हैदराबादकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ यवतमाळ जिल्ह्यातील वडकी, करंजी, पांढरकवडा व पाटणबोरी या गावांवरून जातो. ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणारी मोटार एका सेकंदात सुमारे २२ मीटर अंतर तोडते. चालकाचे लक्ष दोन सेकंद ढळले, तर मोटार ४४ मीटर पुढे गेलेली असते. रस्ता ओलांडणाऱ्या बालकास वाचविण्यास मग अवधी उरत नाही.

हा अवधी मिळवून देण्याचा एक प्रयत्न शेजारच्या नागपुरात २०२१ साली सुरू झाला. ‘आय-रस्ते’ नावाच्या या उपक्रमात नागपूर महानगरपालिका, केंद्रीय रस्ते संशोधन संस्था, हैदराबादची आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्था व इंटेल कंपनी यांनी सहभाग घेतला. शहर बसगाड्यांवर कॅमेऱ्याची यंत्रे बसविण्यात आली. पुढील वाहन अथवा पादचारी फार जवळ आल्याचे दिसताच यंत्र चालकास आवाजाने सावध करते. ब्रेक मात्र चालकानेच लावावयाचा असतो.

शिक्षकांनी विशेष लक्षात घ्यावी अशी गोष्ट पुढेच आहे. कोणत्या जागी असे इशारे वारंवार मिळतात, याची नोंद ठेवली जाते. त्यावरून, अपघात अद्याप घडला नाही पण घडू शकेल, अशा जागा आधीच ओळखता येतात. सुधारणेसाठी कोणाचा जीव जाण्याची वाट पाहावी लागत नाही.

खेड्यातील शाळेपाशी असे यंत्र नसेल; परंतु रोज त्याच वाटेने ये-जा करणारी मुले आहेत. मोटार अंगावर येता येता कोठे राहिली, हे त्यांना ठाऊक असते. दर शनिवारी पाच मिनिटे काढून त्यांना हे विचारावे आणि जागा, वेळ व कारण एका वहीत लिहावे. कारण बहुधा साधेच असते: वळणावरील झुडूप, कडेला उभा असलेला ट्रक, किंवा एस.टी.च्या पुढून धावत रस्ता ओलांडणे. एकाच जागेची नोंद पुन्हा पुन्हा आली, तर ती शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवून ग्रामपंचायतीस व रस्ता ज्या खात्याकडे असेल त्यास लेखी कळवावी. राष्ट्रीय महामार्गावरील मदतीसाठी १०३३ हा क्रमांक मुलांकडून पाठ करवून घ्यावा.

एस.टी. निघून गेल्यावरच रस्ता ओलांडावा, पदपथ नसल्यास समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने उजव्या कडेने चालावे, कापसाच्या बैलगाडीमागे रेडियमची पट्टी लावावी, हे पाठ मुलांमार्फत घरोघरी पोचतात.

असे यंत्र प्रत्येक गाडीत येण्यास काळ लागेल. वही मात्र येत्या शनिवारीच सुरू करता येईल.