समुद्रोल्लंघनापूर्वीचा हिशेब



चार्ल्स लिंडबर्ग याने मे १९२७ मध्ये न्यूयॉर्कहून पॅरिसपर्यंत एकट्याने, वाटेत कोठेही न उतरता केलेले उड्डाण सर्वश्रुत आहे. परंतु त्या साडेतेहतीस तासांच्या धाडसापेक्षा तत्पूर्वी त्याने मांडलेला हिशेब मला अधिक मननीय वाटतो. त्याविषयीच चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

अंतर सुमारे ३,६०० मैल. बेटाबेटांवर उतरत जावयाचे तर पेट्रोलचा भार हलका राहतो. आपल्या मुंबईच्या आरोही पंडित यांनी २०१९ साली चिमुकल्या विमानातून एकटीने अटलांटिक ओलांडला, तो आइसलंड व ग्रीनलंड येथे उतरूनच. लिंडबर्गला ती मुभा नव्हती. २५,००० डॉलरांच्या पारितोषिकाची अटच अखंड उड्डाणाची होती.

सप्टेंबर १९२६ मध्ये रेने फाँक याने तीन एंजिने व चार माणसे घेऊन हाच प्रयत्न केला होता. अतिभाराने विमान जमीन सोडीना. धावपट्टीच्या टोकाशी ते कोसळून पेटले व दोघे प्राणांस मुकले. लिंडबर्गचा विचार नेमका उलट. एकच एंजिन, एकच माणूस. सोबत्याच्या वजनाइतके पेट्रोल अधिक! रेडिओ नको, पॅराशूटही नको. नकाशांच्या अनावश्यक कडासुद्धा त्याने कापून टाकल्या. सुमारे ४५० अमेरिकी गॅलन पेट्रोल भरले, त्याचे वजन रिकाम्या विमानाहून जास्त होते. मुख्य टाकी त्याने आपल्या पुढे बसवून घेतली. ती पाठीशी असती, तर अपघातात एंजिन व टाकी यांच्यामध्ये तो चिरडला असता. त्यापायी समोरचे दिसेनासे झाले, तेही त्याने पत्करले.

मार्ग ठरविण्यासाठी त्याने पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणली. कारण सपाट नकाशावरील सरळ रेषा ही प्रत्यक्षात सर्वांत जवळची वाट नसते. त्या वक्र मार्गाचे शंभर-शंभर मैलांचे तुकडे पाडून प्रत्येकासाठी होकायंत्राची दिशा त्याने आधीच काढून ठेवली. आयर्लंडचा किनारा दिसला, तेव्हा ठरल्या वाटेपासून तो अवघे काही मैल दूर होता. पॅरिसला उतरला तेव्हा ८५ गॅलन पेट्रोल शिल्लक होते.

हिशेब चुकला तो एका झोपेचा. प्रस्थानाच्या आदल्या रात्री त्याचा डोळाच लागला नाही. येथे दैवाची गंमत पाहावी! वेळ वाचविण्यासाठी त्याने जुन्या नमुन्याची लहान शेपटीच विमानाला राहू दिली होती. त्यामुळे ते सरळ उडेना. जरा दुर्लक्ष झाले की कलू लागे. समुद्रावर डुलकी येऊ लागली, की विमानाचे हेच वैगुण्य त्याला हलवून जागे करी.