अमेरिकेतील धनिक आणि गोरगरिबांच्या शाळा



आजचा विषय वाचून आपल्यापैकी काहींच्या मनात सहजच प्रश्न आला असेल की, ज्या देशाला आपण कुबेराचे घर समजतो तेथे शाळांना दान लागावेच कशासाठी? प्रश्न रास्त आहे आणि त्याच्या उत्तरापासूनच आम्ही प्रारंभ करतो.

अमेरिकेत सरकारी शाळेला फी नाही आणि जवळजवळ पाच कोटी मुले अशा शाळांतून शिकतात. परंतु सरकारी म्हणजे वॉशिंग्टनच्या सरकारच्या नव्हेत. खर्चाचा निम्म्याच्या आसपास भाग गावाने उचलावयाचा, तितकाच राज्याने, आणि केंद्र सरकारने द्यावयाचे ते सामान्यतः शंभरातले दहा डॉलर. आता गावाने आपला भाग आणावयाचा कोठून? तर मुख्यतः ज्याला आपण घरपट्टी म्हणतो त्या करातून. येथेच सगळी मेख आहे. ज्या वस्तीत बंगले, त्या वस्तीच्या शाळेची तिजोरी भरलेली. ज्या वस्तीत खोपटी, तिची रिकामी.

एक उदाहरण देतो. टेक्सास राज्यात सॅन अँटोनिओ नावाचे मोठे शहर आहे. त्या शहरात एजवुड हा मेक्सिकन वंशाच्या कष्टकऱ्यांचा शाळा-जिल्हा आणि ॲलामो हाइट्स हा सुखवस्तू गोऱ्यांचा. १९६७-६८ सालचे आकडे न्यायालयाच्या निकालपत्रातच नमूद आहेत. एजवुडचे लोक शंभर डॉलरांच्या मालमत्तेवर १ डॉलर ५ सेंट कर देत होते आणि त्यातून दर मुलामागे २६ डॉलर गोळा होत होते. ॲलामो हाइट्सचे लोक देत होते ८५ सेंट, आणि त्यांच्याकडे जमत होते मुलामागे ३३३ डॉलर. म्हणजे गरिबाने कर अधिक द्यावयाचा आणि त्याच्या मुलाच्या वाट्याला यावयाचे तेरावा हिस्सा! राज्याची व केंद्राची मदत मिळवूनही एजवुड ३५६ डॉलरांवर थांबे आणि ॲलामो हाइट्स ५९४ वर पोचे. येथे कोणी लाच खाल्ली नव्हती, कोणी कायदा मोडला नव्हता. कायदाच तसा होता.

आता दानाकडे वळू. अमेरिकेत या शाळांवर वर्षाकाठी आठशे अब्ज डॉलरांहून अधिक सार्वजनिक पैसा खर्च होतो. सगळ्या धनिकांच्या सगळ्या देणग्या एकत्र केल्या तरी शंभर डॉलरांमागे एखाद्या डॉलराच्या पलीकडे त्या जात नाहीत. पिठात मिठाएवढेच हे प्रमाण. म्हणून दाते समता आणतील का, असा प्रश्न विचारणे आम्हांला फारसे उपयोगाचे वाटत नाही. तो एक डॉलर उरलेल्या नव्व्याण्णवांना कोणत्या दिशेने वळवतो, हा खरा प्रश्न आहे. वळवता येतो, बरा आणि वाईटही. दोन्हींचे दाखले इतिहासात आहेत.

वाईटाचा दाखला थोडक्यात आटपू. यादवी युद्धानंतर १८६७ साली जॉर्ज पीबडी नावाच्या सावकाराने दक्षिणेतील शिक्षणासाठी मोठा निधी स्थापन केला. त्या निधीच्या व्यवस्थापकांनी नियमच असा केला की, काळ्या मुलांच्या शाळेला गोऱ्यांच्या शाळेच्या दोन तृतीयांश रक्कम द्यावयाची. विषमता सरकारने पाळावी आणि धर्मादायाने तिच्यावर शिक्का मारावा, असा हा प्रकार झाला.

परंतु आम्हांला आज विशेष सांगावयाचे आहे ते ज्युलियस रोझेनवाल्ड याच्याविषयी. हा शिकागोचा ज्यू व्यापारी. सीअर्स रोबक या टपालाने माल विकणाऱ्या प्रचंड पेढीचा प्रमुख. स्वतः हायस्कूलही पुरे न केलेला. १९११ साली त्याची गाठ बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याशी पडली. वॉशिंग्टन हे गुलामीत जन्मलेले आणि टस्कीगी येथील विद्यालय नावारूपाला आणणारे पुरुष. पुढच्या वर्षी आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी रोझेनवाल्डने टस्कीगीला पंचवीस हजार डॉलर दिले. त्यातले काही उरले. ते परत करण्याऐवजी खेड्यांतील काळ्या मुलांसाठी सहा शाळा बांधून पाहू का, असे वॉशिंग्टन यांनी विचारले. ते उरलेले पैसे होते अवघे अठ्ठावीसशे डॉलर!

त्या सहा शाळांच्या १९३२ सालापर्यंत पंधरा राज्यांत ४,९७७ शाळा झाल्या. शिक्षकांची घरे व कर्मशाळा धरल्या तर इमारतींची संख्या पाच हजारांच्या बरीच वर जाते. सहा लाख साठ हजारांहून अधिक मुलांची सोय झाली. इमारती साध्या, लाकडी. खेड्यात वीज नव्हती, म्हणून खिडक्यांची उंच रांग पूर्वेला किंवा पश्चिमेला तोंड करून बसवायची, म्हणजे फळ्यावर दिवसभर उजेड राहतो. असले बारकावे नकाशांच्या छापील पुस्तिकेत दिलेले असत. नकाशे आधी टस्कीगीच्या रॉबर्ट टेलर या काळ्या वास्तुशिल्पज्ञाच्या देखरेखीखाली तयार झाले होते.

पैशाचा हिशेब मात्र नीट ऐकावा. एकूण खर्च आला सुमारे २ कोटी ८४ लाख डॉलर. त्यांत रोझेनवाल्डचे किती? सुमारे ४४ लाख, म्हणजे शंभरातले पंधरा. सरकारी करातून आले चौसष्ट. आजूबाजूच्या गोऱ्यांनी दिले चार. आणि उरलेले, म्हणजे रोझेनवाल्डपेक्षा थोडे अधिकच, ४७ लाख डॉलर दिले त्या काळ्या खेडुतांनी! रोझेनवाल्डची अटच तशी होती: गावाने आपला वाटा उचलावा, सरकारने आपला द्यावा, आणि इमारत सरकारी शाळाखात्याच्या नावावर करून त्याने ती चालवावी. कापसाच्या शेतात लोक एक तुकडा शाळेसाठी म्हणून वेगळा पेरीत. कोणी लाकूड दिले, कोणी सुतारकाम केले. ॲलाबामातील एका सभेची हकीकत तेथील एका प्रतिनिधीने लिहून ठेवली आहे. गुलामीचे दिवस पाहिलेला एक म्हातारा उठला, त्याने तेलकट डागांची एक जुनी पिशवी टेबलावर रिकामी केली. सगळी चिल्लर मोजली ती अडतीस डॉलर भरली. जन्मभराची पुंजी होती ती.

हे ऐकून गहिवर येतो, आणि यावाच. पण गहिवरून थांबता कामा नये. जेम्स अँडरसन या इतिहासकाराने १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रकाराला दुहेरी कर म्हटले आहे, आणि ते आम्हांला पटते. तो म्हातारा कर भरतच होता. त्या कराच्या पैशातून गोऱ्या मुलांच्या विटांच्या शाळा उभ्या राहत होत्या. आपल्याच पैशाची शाळा मिळावी म्हणून त्याने पुन्हा पिशवी रिकामी करावयाची, आणि वर इमारत त्याच सरकारच्या नावावर करून द्यावयाची! दात्याच्या अटीचा भार जो सर्वांत दुबळा त्याच्यावर सर्वांत जड पडला, हे विसरून चालणार नाही.

तथापि त्या चौसष्टांकडेही पाहिले पाहिजे. ज्या सरकारांनी काळ्या मुलासाठी हात आखडता घ्यावयाचा हेच धोरण ठेवले होते, त्यांच्या तिजोरीतून १ कोटी ८० लाख डॉलर बाहेर आले. केवळ विनवण्यांनी ते आले नसते. ॲरनसन व मझुमदार या शिकागोच्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०११ साली जुन्या जनगणनांचे कागद तपासून दाखविले की, दक्षिणेतील खेड्यांत काळ्या व गोऱ्यांच्या शिक्षणातील अंतर दोन महायुद्धांमधल्या काळात जेवढे कमी झाले, त्यातला सुमारे चाळीस टक्के वाटा या शाळांचा आहे.

कोणी म्हणेल, शाळा झाल्या, पण काळ्यांच्या वेगळ्या. म्हणजे शिवाशीव कायमच राहिली. आक्षेप खरा आहे. फक्त त्याला एक पुस्ती जोडतो. याच निधीच्या शिष्यवृत्त्यांवर केनेथ व मेमी क्लार्क या काळ्या दांपत्याने लहान मुलांपुढे काळ्या-गोऱ्या बाहुल्या ठेवून प्रयोग केले. आणि १९५४ साली वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरविताना सर्वोच्च न्यायालयाने केनेथ क्लार्क यांच्या लिखाणाचा आधार निकालपत्रात नमूद केला. शाळा बांधणाऱ्या पैशातूनच त्या शाळांचे वेगळेपण मोडणारे हत्यार घडले!

या संदर्भात आपल्या महाराष्ट्राचा एक धागा आठवतो. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला होता. साता समुद्रांपलीकडच्या त्या लढ्याकडे ते किती डोळसपणे पाहत होते! मुक्तीनंतर शाळेचा प्रश्न येतो, हे तर ते १८४८ पासून पुण्यात अनुभवीतच होते. असो.

आता अलीकडे येऊ. २०१० च्या सप्टेंबरात फेसबुकचे मार्क झुकरबर्ग यांनी न्यू जर्सीतील न्यूअर्क या गरीब शहराच्या शाळांसाठी दहा कोटी डॉलर जाहीर केले. जाहीर कोठे केले? ओप्रा विन्फ्रे यांच्या दूरदर्शनच्या कार्यक्रमात! शेजारी शहराचे महापौर आणि राज्याचे गव्हर्नर बसलेले. न्यूअर्कच्या पुष्कळशा आईबापांना बातमी कळली ती दूरदर्शनवरूनच. इतर दात्यांनी आणखी तेवढीच रक्कम घातली. दोन कोटींहून अधिक सल्लागारांच्या खिशात गेले. शाळा बंद करण्याच्या आणि मुलांना दूरच्या शाळांत पाठविण्याच्या योजना निघाल्या, लोक रस्त्यावर आले, २०१४ साली त्या योजनेला विरोध करणारे मुख्याध्यापक रास बराका महापौर म्हणून निवडून आले आणि पुढच्या वर्षी शाळांच्या अधीक्षिकेने राजीनामा दिला. फळ अगदीच शून्य म्हणता येणार नाही. २०१७ साली हार्वर्डच्या संशोधकांना इंग्रजीत मुलांची प्रगती वाढलेली दिसली, गणितात मात्र नाही. पण वीस कोटी डॉलर येऊनही गाव परके झाले. ज्या म्हाताऱ्याने अडतीस डॉलर टाकले त्याला शाळा आपली वाटत होती. येथे मागितला असता तर गावाने सल्ला दिला असता, तोही कोणी मागितला नाही.

मग घरपट्टीच्या त्या मूळ दुखण्यावर दात्याने काही करता येते काय? येते, आणि त्यासाठी पुन्हा एजवुडला जावे लागेल. १९६८ साली तेथील डेमेट्रिओ रॉड्रिग्ज या पत्राकाम करणाऱ्या कामगाराने व इतर पालकांनी फिर्याद गुदरली. १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती फेटाळली. राज्यघटनेत शिक्षणाचा हक्क सांगितलेला नाही, असे बहुमताने म्हटले. योगायोग असा की, त्याच १९६८ साली फोर्ड फाउंडेशनने बावीस लाख डॉलर देऊन मेक्सिकन अमेरिकनांसाठी लढणारी एक वकिलांची संस्था उभी करविली होती. पुढे १९८४ साली एजवुडचे गाऱ्हाणे घेऊन ही संस्था टेक्सासच्या न्यायालयात गेली, या वेळी राज्याच्या घटनेचा आधार घेऊन. १९८९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, पैसा वाटण्याची ही पद्धत घटनेला धरून नाही. १९९३ साली कायदा झाला आणि श्रीमंत शाळा-जिल्ह्यांच्या कराचा काही भाग गरीब जिल्ह्यांकडे वळू लागला. श्रीमंतांनी त्याला दरोडेखोर रॉबिन हूडचे नाव दिले, ते सोडा. अशाच दाव्यांनी अनेक राज्यांत शाळांना वाढीव पैसा मिळाला. त्याचा परिणाम २०१६ साली जॅक्सन, जॉन्सन व पर्सिको या अर्थशास्त्रज्ञांनी मोजला. शालेय शिक्षणाची बारा वर्षे खर्च दहा टक्क्यांनी अधिक राहिला, तर गरीब घरच्या मुलाचे शिक्षण सुमारे अर्ध्या वर्षाने वाढते आणि मोठेपणी त्याची मजुरीही वाढते.

येथे एक शंका आम्हांला स्वतःलाच छळते. धनिकाने वकील पोसून कायदा बदलवावा, हे लोकशाहीला साजते काय? उद्या दुसरा धनिक उलट्या कामासाठी वकील पोसेल; पोसतोही. आमचे उत्तर पूर्ण समाधानाचे नाही. एवढे म्हणता येईल की, न्यायालयात दुसरी बाजू ऐकली जाते, निकाल उघड्यावर वाचला जातो आणि गाऱ्हाणे एजवुडच्या लोकांचेच होते. न्यूअर्कमध्ये यांतले काहीच नव्हते.

दुसरी गोष्ट धीराची. रोझेनवाल्डला चिरंतन निधी मान्य नव्हते. आपल्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षांच्या आत सगळा पैसा खर्च व्हावा, अशी त्याची अट होती, आणि १९४८ साली निधी संपवून विश्वस्तांनी दार बंद केलेही. आजचे दाते मात्र तीन वर्षांत फळ मागतात. फोर्डची देणगी १९६८ ची आणि एजवुडचा निकाल १९८९ चा. मध्ये एकवीस वर्षे गेली. ज्या मुलांसाठी रॉड्रिग्ज पहिल्यांदा न्यायालयात गेले ती मुले तोवर कधीच शाळेबाहेर पडून संसाराला लागली होती. निकालाचा लाभ झाला तो त्यांच्या मागून आलेल्यांना. टेक्सासात करवाटपाचा तो तंटा अजूनही पुरता मिटलेला नाही. दर काही वर्षांनी विधिमंडळात तो नव्याने उभा राहतो.

घड्याळाकडे पाहता आम्हांला येथेच थांबले पाहिजे.