चाकाचे माप आणि गाडीची उंची

श्रोतेहो, बैलगाडीचे चाक तुम्ही सर्वांनी पाहिले असेल. मधे आरे, वर लोखंडी धाव, आणि उंची माणसाच्या कमरेपर्यंत किंवा त्याहूनही अधिक. आपल्या सुतारांनी एवढे मोठे चाक का घडवले? हौस म्हणून नव्हे. लहान चाक खड्ड्यात बसते. मोठे चाक त्याच खड्ड्यावरून निभावून जाते. शिवाय चाक मोठे म्हणजे आख उंच, आणि आख उंच असला की वाटेतला धोंडा खालून निघून जातो. चाकाचे माप रस्त्याने ठरवायचे असते. हाच नियम लहान मोटारीला कसा लागू पडतो, ते आज पाहू.

मुंबईत गिरगावात फणसवाडी आहे. जुनी वस्ती, अरुंद गल्ल्या. ऑपेरा हाऊसचा मोटारीच्या सुट्या भागांचा बाजार तेथून जवळच. त्याहून मोठा पसारा हवा तर कुर्ल्याचा सी.एस.टी. रोड आहे. समजा, या वाडीतल्या एका तरुणाने कर्ज काढून लहान मोटार घेतली. आता त्याच्या मनात येते की चाके मोठी आणि झळाळती घालावीत, टायर पातळ असावेत आणि गाडी जमिनीला टेकल्यासारखी खाली बसवावी. या हौसेला मी नावे ठेवत नाही. शर्यतीच्या गाड्या खालीच असतात. भार जमिनीजवळ राहिला की वळणावर गाडी कमी कलते. 1959 साली इंग्लंडात ॲलेक इसिगोनिस यांनी मिनी मोटार काढली. तिला अवघी 10 इंची चाके होती, तरी 1964 साली तिने माँटे कार्लोची रॅली जिंकली. पण ती गाडी मुळातच तशी आखलेली होती. कोठे काही कापून ती ठेंगणी केलेली नव्हती.

प्रथम टायरवरचा लेख वाचायला शिकू. शिक्षकबंधूंनी हे उदाहरण वर्गात जरूर घालावे. स्विफ्ट गाडीच्या काही प्रकारांना 165/80 आर 14 या मापाचे टायर आले. म्हणजे टायरची रुंदी 165 मिलिमीटर; टायरच्या बाजूची उंची त्या रुंदीच्या शेकडा 80, म्हणजे 132 मिलिमीटर; आणि आतली रिम 14 इंचांची. एका इंचाचे 25.4 मिलिमीटर धरले, की रिमचे झाले 355.6. त्यात खालचे आणि वरचे मिळून दोनदा 132 मिळवा. चाकाचा व्यास आला सुमारे 620 मिलिमीटर.

त्याच गाडीच्या महागड्या प्रकारांना 185/65 आर 15 हे टायर मिळाले. हाच हिशेब केला तर व्यास येतो सुमारे 621. पाहा बरं! रिम इंचाने वाढली, पण टायरची बाजू तेवढी कमी केल्यामुळे एकंदर चाक जवळजवळ तेवढेच राहिले. रिम वाढवली म्हणजे चाक वाढले, असे समजू नये. मोठ्या रिमबरोबर रबर मात्र घटते, आणि खड्ड्याचा पहिला मार तेच रबर झेलत असते.

आता आपल्या तरुणाने 14 इंची चाके काढून 195/50 आर 16 घातले, असे धरा. बाजूची उंची 132 वरून 97.5 झाली, आणि चाकाचा व्यास 601. म्हणजे दिसायला रिम भरदार, पण गाडी सेंटीमीटरभर खालीच आली. खड्ड्याच्या काठावर अशी चाके आपटली की रिम वाकते, टायरच्या बाजूला फुगवटा येतो, आणि असा टायर भर वेगात फुटू शकतो.

मग येते गाडी खाली बसवणे. याचा स्वस्त उपाय म्हणजे स्प्रिंग कापणे. आठ वेढ्यांची स्प्रिंग कापून सहा वेढ्यांची केली तर काय होतं? ती सुमारे एक-तृतीयांशाने अधिक कडक होते, आणि तिला दबायला जागाही कमी उरते. धक्का बसला की गाडी रबरी बफरवर आदळते. कापलेले टोक आपल्या बैठकीत नीट बसत नाही. काही जण स्प्रिंग तापवून खाली बसवतात. लोहार विळ्याला पाणी देतो, हे तुम्हांस माहीत आहे. तापवलेल्या स्प्रिंगेचे तेच पाणी उतरते. गाडीची उंची बदलली की चाकांचे कोनही बदलतात, आणि टायर एका कडेने झिजू लागतात.

आता भाद्रपद आला. गणपतीला आमचा गिरगावकर कोकणात निघाला. गाडीत पाच माणसे, मागे सामान. स्विफ्टची जमिनीपासूनची उंची रिकामी असताना 163 मिलिमीटर. स्प्रिंग कापून 40 गेले, पातळ टायरने 9 गेले, आणि भार चढल्यावर आणखी 30 गेले असे धरा. उरले 84. आडवी धरलेली चार बोटे! रस्ते काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक मध्ये 10 सेंटीमीटर उंच, पण 3.7 मीटर पसरट असतो. त्यावरून गाडी हळूहळू चढून उतरते. गावच्या तोंडाशी असलेला गतिरोधक मात्र पुष्कळदा अरुंद आणि उभा असतो. तो पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये येतो आणि पोटाला लागतो. पुढे जांभ्या दगडाची घाटी. तेथे इंजिनचे चेंबर फुटले तर सारे तेल वाटेवर, आणि मुलेबाळे भर पावसात रस्त्यावर.

कुर्ल्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी आठवा. 14 इंची चाके, मागे पाटे, टपावर बोजा. अशा अवस्थेत तिने टॅक्सी म्हणून मुंबईचे पावसाळे काढले, ते थेट 2023 च्या ऑक्टोबरअखेरपर्यंत. तिचे माप इथल्या रस्त्यांना मानवले.

कायद्याचेही सांगतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम गाडीच्या मूळ रचनेत मनमानी फेरबदल करू देत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट स्पष्ट केली. तेव्हा मोठी रिम हवीच असेल तर कंपनीने त्याच गाडीला दिलेल्या मापातली घ्या. टायरवरचा भाराचा आकडाही पाहा. 82 म्हणजे एका टायरला 475 किलो. मूळच्यापेक्षा कमी आकडा घेऊ नये. स्प्रिंगेला हात लावू नका. हौस रंगावर, बैठकीवर भागवा.

गाडी वाडीत उभी असताना कशी दिसते, यावर चाक निवडू नये. वर्षातला सर्वांत वाईट रस्ता आणि त्या दिवशी गाडीत बसणारी सर्वांत जास्त माणसे, ही दोन डोळ्यांसमोर आणावीत आणि मगच दुकानाची पायरी चढावी.