भाड्याची बस आणि माणसाचा हक्क
(वेरूळच्या सहलीच्या पूर्वतयारीसाठी भरलेल्या सभेतील भाषण)



आपल्या वस्तीतील मंडळी लवकरच नाशिकहून येवल्यामार्गे वेरूळची लेणी पाहण्यास जाणार आहेत. त्यासाठी एक बस भाड्याने ठरवावयाची आहे. एवढ्याशा कामासाठी सभा कशाला आणि भाषण कशाला, असे काहींस वाटेल. परंतु ज्या समाजास पदरचे पैसे मोजूनही वाहन मिळत नव्हते, त्या समाजाने ही बाब क्षुल्लक मानता कामा नये.

परमपूज्य बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत तीन प्रवास सांगितले आहेत. पहिला १९०१ सालचा. वडिलांस भेटावयास निघालेली मुले मसूर स्टेशनावर उतरली. गाडीवान बाटण्यास तयार नव्हता. अखेर दुप्पट भाडे देऊन, बैल मुलांनीच हाकावे आणि गाडीवानाने बरोबर पायी चालावे, असा तोडगा निघाला. दुसरा प्रवास १९२९ सालचा, चाळीसगावचा. सरकारने नेमलेल्या समितीचे सभासद असलेल्या बाबासाहेबांस टांगेवाला नेईना. टांगा मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. लोकांपैकीच एका अननुभवी माणसाने तो हाकला. पुलावर अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

तिसरा प्रवास आपल्या या सहलीचा पूर्वजच म्हणावा लागेल. १९३४ साली चळवळीतील सुमारे तीस मंडळींनी बसगाड्या आणि मोटारी भाड्याने घेतल्या आणि नाशिकहून येवल्यामार्गे त्यांनी वेरूळचा रस्ता धरला. बाटण्याचा प्रश्न उभा राहू नये म्हणून कार्यक्रम मुद्दामच जाहीर केला नव्हता. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी काहींनी हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले. रमजानचा महिना होता. हौद बाटविला अशी एका वृद्ध मुसलमान गृहस्थाने ओरड केली आणि जमाव जमला. शेवटी किल्ला पाहण्याची परवानगी मिळाली ती आत कोठेही पाण्यास शिवावयाचे नाही या अटीवर. त्या अटीवर पहारा ठेवण्यासाठी एक हत्यारबंद शिपाई बरोबर देण्यात आला.

या तीन प्रवासांचा क्रम आपण नीट ध्यानात घ्यावा. प्रथम गाडी होती, पण गाडीवान हाकावयास तयार नव्हता. मग टांगा मिळाला, पण टांगेवाला नव्हता. पुढे बस आणि ड्रायव्हर दोन्ही मिळाले, पण बसमधून उतरल्यावर पाणी मिळाले नाही. यावरून सिद्ध होते ते हे की, पैशाने वाहन विकत घेता येते, माणुसकी विकत घेता येत नाही. तिच्यासाठी हक्कच हवा, आणि त्या हक्कामागे कायद्याचे बळ हवे. त्याच येवल्यात १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. ती घोषणा अशा असंख्य अनुभवांतून पिकलेली होती.

आज तो हक्क राज्यघटनेच्या १५ व्या आणि १७ व्या अनुच्छेदांत लिहिलेला आहे. १९५५ चा अस्पृश्यता अपराध कायदा १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने ओळखला जातो. अस्पृश्यतेच्या कारणावरून सार्वजनिक वाहन, उपाहारगृह वा पाणवठा नाकारणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. वाटेत असा प्रसंग आलाच तर भांडण करू नका आणि मुकाट्याने परतूही नका. वेळ, स्थळ आणि साक्षीदार लिहून घ्या आणि पोलिसांत रीतसर फिर्याद द्या.

आता बस ठरविण्याविषयी. हक्क जाणणाऱ्याने व्यवहारही जाणला पाहिजे. एस.टी.ची गाडी प्रासंगिक करारावर मिळते. त्यासाठी आगारात चौकशी करावी. खाजगी गाडी घ्यावयाची असल्यास परवाना, योग्यता प्रमाणपत्र, विमा आणि ड्रायव्हरचे लायसन्स डोळ्यांनी पाहावे. करारावरच्या खाजगी गाडीस वाटेत परके उतारू घेता येत नाहीत, हे मालकास आधीच सांगावे. किलोमीटरचा दर, दिवसाचे किमान किलोमीटर, टोल, ड्रायव्हरचा भत्ता, आणि गाडी बिघडल्यास दुसरी कोण देणार, हे सर्व कागदावर उतरवून घ्यावे. इसाऱ्याची पावती घ्यावी. तोंडी शब्दावर विसंबून आपल्या पूर्वजांनी पुष्कळ गमावले आहे.

भाडे वाचावे म्हणून एकाच ड्रायव्हरला रात्रंदिवस राबवू नका. त्याच्या कामाचे तास कायद्याने बांधलेले आहेत; तोही आपल्यासारखाच श्रमिक आहे. १ जुलै २०२३ च्या रात्री बुलढाणा जिल्ह्यात समृद्धी महामार्गावर खाजगी बस उलटून पेटली आणि २५ जीव गेले. म्हणून प्रवास दिवसा ठेवावा, आसनांपेक्षा एकही माणूस अधिक घेऊ नये आणि संकटकाळी बाहेर पडण्याचे दार उघडते की नाही हे निघण्यापूर्वी तपासावे. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, हेही वार ठरविताना विसरू नये.

शेवटची गोष्ट थोडी कठोर आहे, पण सांगितलीच पाहिजे. बाहेरच्याने आपणांस बसमध्ये घेतले नाही म्हणून आपण लढलो. मग आपल्याच बसमध्ये पोटजात पाहून जागा वाटल्या जाव्यात काय? पुढारी म्हणून पुढची जागा आणि बाई म्हणून मागची, ही विषमता नव्हे काय? ज्या विधवा भगिनीजवळ भाड्याचे पैसे नाहीत तिने घरीच बसावे काय? माझी सूचना अशी आहे की, आजारी आणि वृद्धांस पुढे बसवून बाकीच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात. वर्गणी ऐपतीप्रमाणे घ्यावी. व्यवस्था पाहणाऱ्या समितीत निम्म्या भगिनी असाव्यात. परत आल्यावर जमाखर्च पै न पै याच ठिकाणी वाचून दाखवावा. शेजारी अन्य जातीचे कोणी येऊ इच्छित असतील तर त्यांस मानाने बरोबर घ्यावे.

वेरूळची पहिली बारा लेणी बौद्ध आहेत. तेथे जाताना आज आपणांस नाव लपवावे लागत नाही की कार्यक्रम गुप्त ठेवावा लागत नाही. १९३४ च्या त्या तीस प्रवाशांस हे लाभले नव्हते. त्यांच्या ऋणातून आपण केवळ लेणी पाहून मुक्त होणार नाही. आपल्या बसमध्ये समता नांदेल तरच ते ऋण थोडेफार फिटेल. मी मांडलेल्या सूचना आपण ठरावरूपाने मंजूर कराव्यात, एवढी विनंती करून मी माझे भाषण संपवितो.

जय भीम.