पावसाळ्याआधी गाडीचा वायपर बदला



आज आपण एका लहानशा वस्तूविषयी बोलू. जीपगाडीच्या पुढच्या काचेवर दोन दांडे असतात. त्यांना रबराची पाती लावलेली असतात. पाऊस आला की ती पाती इकडून तिकडे फिरतात आणि काच पुसतात. त्यांना वायपर म्हणतात.

तुम्ही म्हणाल, गाडी तर मालकाची. आम्हाला वायपरशी काय करायचे? पण गाडीत बसतो कोण? आपणच ना! काठीहून मोलगीला बाजाराला जायचे, तरी जीप. रात्री बाईला कळा सुरू झाल्या, तरी जीप. पुढे अक्कलकुव्याकडे उतरायचे म्हणजे देवगोईचा घाट. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला दरी. वर पाऊस, समोर धुके. अशा वेळी काच नीट पुसली गेली नाही, तर ड्रायव्हरला वळण कसे दिसणार? म्हणून ही जिवाची बाब आहे.

वायपरची कल्पना एका बाईची आहे. तिचे नाव मेरी अँडरसन. ती अमेरिकेची. न्यूयॉर्क शहरात ट्राम चालवणाऱ्याचे हाल तिने पाहिले. बर्फामुळे त्याला काचेतून समोरचे दिसेना. तिने आतून हाताने फिरवायचे पाते योजले आणि १९०३ साली त्याचे पेटंट घेतले. तेव्हा ते कोणी विकत घेतले नाही. पुढे मात्र मोटारींना वायपर लागलेच. आपल्या देशात १९८९ च्या मोटार नियमांतही काच पुसणारा चालू वायपर सांगितला आहे.

आता पाहा, वायपर बिघडतो कसा? होळीला काठीत किती गाड्या येतात! तेव्हा आभाळ मोकळे असते. वायपरची आठवण कोणाला होत नाही. मग चैत्र-वैशाखाचे ऊन तापते. रस्त्याची धूळ काचेवर बसते. उन्हाने रबर कडक होते, त्याला चिरा पडतात. मृगाचा पाऊस येतो आणि वायपर फिरू लागतो. पण काचेवर पाण्याच्या रेघा राहतात, किंवा पाते खरखर वाजते. असे झाले की समजावे, पाते बदलायला हवे.

पाते बदलणे अवघड नाही. पुष्कळ गाड्यांत दांड्याचे टोक आकड्यासारखे वाकलेले असते. अशा गाडीची रीत आम्ही सांगतो.

१. गाडी बंद करा. किल्ली काढून घ्या.

२. जुने पाते टोकापासून टोकापर्यंत मोजा. माप इंचात घ्या. दोन्ही पाती सारखीच असतील असे नाही. दोन्ही मोजा आणि कागदावर लिहून ठेवा. दुकानात पाकिटावरचा आकडा स्वतः वाचा. आता तुम्हाला वाचता येते. दुकानदार देईल ते मुकाट्याने घेऊ नका.

३. दांडा काचेपासून उचलून उभा करा. काही नव्या गाड्यांत तो बॉनेटला अडतो. तेथे जोर करू नका, जाणत्याला विचारा.

४. लगेच काचेवर जाड गोधडी घडी करून ठेवा. दांड्याला स्प्रिंग असते. उघडा दांडा हातातून सुटला तर फाडकन आपटतो आणि काच तडकते. पात्याचा खर्च थोडा, काचेचा फार.

५. पाते दांड्याला आडवे करा. मध्यभागी लहान खटका असतो, तो दाबा. पाते दांड्याच्या बुडाकडे सरकवा. ते आकड्यातून सुटते. ते कसे बसले होते, हे नीट पाहून ठेवा.

६. नवे पाते त्याच बाजूने आकड्यात घाला आणि वर ओढा. टक् असा आवाज आला की बसले. एकदा हलकेच ओढून खात्री करा.

७. रबरावर प्लॅस्टिकचे आवरण असेल तर काढा. गोधडी काढा. दांडा हाताने हळूच खाली टेकवा.

८. काचेवर पाणी ओता. मग वायपर चालवून पाहा.

कोरड्या, धुळीच्या काचेवर वायपर कधी चालवू नये. धुळीतले खडे काचेला ओरखडे पाडतात आणि रबरही झिजते. आधी काच धुवावी. रबर ओल्या फडक्याने पुसावे. त्याला रॉकेल, डिझेल लावू नये. त्याने रबर खराब होते.

पाते नवे असूनही दांडाच हलत नसेल, तर तो मोटारीचा किंवा तारेचा दोष. ते काम मिस्त्रीचे.

पाते बदलायला थोडाच वेळ लागतो. पण ते पावसाच्या आधी झाले पाहिजे. भर पावसात, घाटात, रात्री ते कोण करणार? तेव्हा ज्येष्ठातच ड्रायव्हरदादाला विचारा, "दादा, वायपर बघितला का?" यात लाजण्यासारखे काही नाही. त्या काचेमागे तो एकटा नसतो. आपली लेकरेही असतात.