पहारेकऱ्याचा अधिकार कुठवर?

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



मी वकील नाही. रेल्वेत रूळ आणि पुलांची देखभाल करणारा डिप्लोमावाला इंजिनिअर आहे. तरीही कार्यकारिणीने हा विषय माझ्या गळ्यात घातला, कारण यातली चूक मी स्वतः करून बसलेलो आहे.

मुन्शी घाट आपल्याला परका नाही. नागपूर राज्याचे मंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी १८१२ मध्ये तो बांधला. पुढे १९१५ मध्ये त्यातला काही भाग दरभंग्याच्या महाराजांनी विकत घेतला आणि त्याला दरभंगा घाट म्हणू लागले. वरच्या दगडी महालात आज हॉटेल आहे. घाटाच्या पायऱ्यांवर कोणीही बसावे, गंगा पाहावी. पण पायऱ्या संपून दार लागले की आतली जागा खाजगी. काशीत ही सीमा म्हणजे एखादा उंबरठा, नाहीतर दोन गच्च्यांमधली हातभर भिंत.

ती भिंत २०१९ च्या संक्रांतीला एका मुलाने ओलांडली. घाटावरच्या गल्लीत आमच्या सौ.च्या मावशींचे जुने घर आहे. मावशी पुण्याला असतात, देखरेख माझ्याकडे. रखवालदाराचा फोन आला, "साहब, छत से एक लड़का पकड़ा है।" मी लाइनवर होतो, ब्लॉक चालू होता. घाईत म्हणालो, "बसवून ठेव, मी येतो." त्याने जिन्याखालच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली. ब्लॉक लांबला. मला पोहोचायला तीन तास लागले. तोवर चौदा वर्षांच्या त्या पोराने खिडकीतून उतरायचा प्रयत्न केला आणि मनगट मोडून घेतले. त्याच्याजवळ काय सापडले? कापलेला पतंग आणि थोडा मांजा.

ठाण्यात अधिकाऱ्यांनी मला एकच प्रश्न विचारला : "कोंडायला कोणी सांगितले?" मुलाच्या वडिलांनी मोठे मन करून तक्रार केली नाही. केली असती, तर आरोपी मुलगा नव्हे, रखवालदार आणि मी झालो असतो.

त्यानंतर मी कायदा वाचून काढला. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे, तिची कलमे सांगतो. फौजदारी अतिक्रमण ३२९ व्या कलमात आहे. नुसते आत शिरणे म्हणजे हा गुन्हा नव्हे. गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू असावा लागतो. पतंग आणायला आलेल्या पोराचा कसला हेतू?

पण हेतू वाईट असला तरी रखवालदाराला अटक करता येते का? इथेच बहुतेकांची गल्लत होते. खाजगी सुरक्षारक्षकाचा गणवेश कितीही कडक इस्त्रीचा असो, कायद्याच्या लेखी तो तुमच्या-माझ्यासारखा नागरिक. नागरिकाने करावयाच्या अटकेचे कलम नागरिक सुरक्षा संहितेत ४० वे आहे. त्याच्यासमोर दखलपात्र आणि शिवाय अजामीनपात्र गुन्हा घडला, किंवा समोर उद्घोषित गुन्हेगार असला, तरच. साधे अतिक्रमण दखलपात्र आहे, पण जामीनपात्र. म्हणजे त्यासाठी रक्षकाने धरून ठेवणे बसत नाही. जिथे बसते, तिथेही विनाविलंब आणि जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. सहा तास कोंडून ठेवण्याची ती परवानगी नव्हे! उगाच कोंडले तर कलम १२७ : एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सांगणाराही दुष्प्रेरक म्हणून त्यात अडकतो.

मग रक्षकाने हात बांधून पाहत बसावे का? मुळीच नाही. तो दारात अडवू शकतो, "ही खाजगी जागा आहे, बाहेर चला" असे सांगू शकतो, ११२ ला फोन लावू शकतो, वेळ आणि वर्णन वहीत लिहू शकतो. कोणी खरोखर ऐवज उचलू लागला किंवा अंगावर आला, तर ३४ ते ४४ या कलमांतला खाजगी बचावाचा हक्क त्याला आहेच. मात्र गरजेपुरताच. माणूस पळत सुटल्यावर पाठीत घातलेली काठी त्यात बसत नाही. झडती घेणे, मोबाइल हिसकावणे, उठाबशा काढायला लावणे, हे तर कुठेच बसत नाही.

आम्हा रेल्वेवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी. रेल्वे कायदा १९८९ च्या १४७ व्या कलमाने हद्दीत घुसलेल्याला बाहेर काढण्याचा अधिकार कोणत्याही रेल्वे कर्मचाऱ्याला दिला आहे, मदतीला माणूसही बोलावता येतो. ती सवय डोक्यात ठेवून मी मावशींच्या घरी वागलो. शिवाय तिथेही शब्द 'बाहेर काढणे' असाच आहे, 'आत कोंडणे' नाही!

रखवालदाराला तरी दोष काय द्यायचा? खाजगी सुरक्षा संस्थांसाठी २००५ चा कायदा आहे. त्याखालच्या केंद्राच्या नमुना नियमांत शंभर तासांचे वर्गातले आणि साठ तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण धरले आहे. आपण मात्र ओळखीतला माणूस आणतो आणि हातात काठी देतो. आमच्याकडेही तेच होते.

आता जुनी घरे असलेल्यांसाठी एक गोष्ट. वर्षानुवर्षे ठाण मांडून बसलेला माणूस आणि काल भिंत ओलांडून आलेला माणूस कायद्याला सारखे नाहीत. योगायोगाने त्या निकालाचे नावही मुन्शीराम विरुद्ध दिल्ली प्रशासन असेच, १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेला. स्थिरावलेला ताबा खऱ्या मालकालाही बळाने काढून घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात म्हटले. तेव्हा रक्षक पाठवून कोणाचे सामान गल्लीत फेकू नका. तसे झाले तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या ६ व्या कलमाखाली सहा महिन्यांत दावा लावून तो माणूस पुन्हा आत येऊ शकतो. सरळ कोर्टात जावे, उशीर लागतो हे मान्य.

मावशींच्या जिन्याखालच्या खोलीची बाहेरची कडी मी काढून टाकली. गच्चीच्या दारावर हिंदीत पाटी आहे : 'पतंग चाहिए तो घंटी बजाइए।' संक्रांतीच्या दिवशी रखवालदार घंटीने वैतागतो. आपल्या मंडपात रात्रपाळी करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी एक वही आणि पोलीस चौकीचा नंबर कोषाध्यक्षांकडे दिला आहे. आज रात्रीपासून ज्यांची पाळी आहे त्यांनी आरतीनंतर मला भेटावे.